लाकडाचा चौक

मुंबईहून परतलेल्या माणसाला आमच्या साताऱ्यात तीन प्रश्न हमखास विचारतात. राणीचा बाग पाहिलात का, समुद्रात पाय बुडवलेत का, आणि आमच्यासाठी काही आणलंत का. माझं तिन्हींना उत्तर एकच, नाही. चार दिवस राहून मी मुंबईत नीट पाहिला तो एका टेबलावर मावेल एवढा सागवानी चौक. त्याचीच ही हकीकत आहे, आणि ती सुखाची नाही. मौजेसाठी प्रवासवर्णन वाचणाऱ्यांनी इथूनच मागं फिरलं तरी माझी तक्रार नाही.

मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. वरच्या वर्गाला विज्ञानाचं तत्त्वज्ञानही शिकवतो, आणि त्यातला 'सत्य आणि मॉडेल' हा भाग माझ्या हातखंड्याचा. घर्षण नसलेला उतार, वजन नसलेली दोरी, असल्या जगात कुठंही नसलेल्या गोष्टी धरून शास्त्रज्ञ खरी उत्तरं कशी काढतात, हे सांगताना मला एक प्रकारचा कैफ चढतो. तर अशा मला माघ महिन्यात लालबागहून मावशीचं पत्र आलं. तिला लिहिता येत नाही, कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. तिचा दत्ता, म्हणजे माझा मावसभाऊ, गिरणीत विणकर. संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती तेव्हा त्यांच्या चौकात गोळीबार झाला. त्या दिवशी चाळीच्या गॅलरीतून पोलिसांच्या लॉरीवर दगड मारल्याचा खटला दत्तावर भरला होता. वर्षभर रेंगाळून तो आता संपत आला होता. ओळखीच्या एका मिस्त्रीनं चौकाचं लाकडी मॉडेल करून दिलं, पण सरकारी वकिलानं त्यात खोट काढली. आता कुणी शिकलेला माणूस उभा करा, असं आमचे वकील म्हणतात. 'आमच्यात शिकलेला तूच.'

खोटं कशाला सांगू, पत्र वाचून वाईट वाटायच्या आधी मला बरं वाटलं. जन्मभर जे फळ्यावर लिहिलं ते कुणाच्या तरी कामी येणार होतं.

लालबाग

मावशीची खोली दुसऱ्या मजल्यावर. दहा बाय बाराच्या जागेत सहा माणसं, आणि मी सातवा. मावशी मूळची मालवणची. चाळीस वर्षं मुंबईत काढली तरी बोली तीच.

"इलस? बस. आधी पानी पी," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता डोळे पुसून घेतले.

बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. आमच्याकडं पाहुण्याला गोड करतात, इथं मासा करतात. मासा चांगला होता, पण मावशी समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती, त्यामुळं मी नुसता भात कालवत राहिलो.

"माझ्या दत्तान धोंडो मारूक नाय रे," ती म्हणाली. "तू शिकलेलो मानूस. तू सांगलंस की कोर्ट ऐकतला."

दत्ता चोवीस वर्षांचा. जामिनावर सुटलेला होता आणि नुकताच बदलीवाल्याचा कायम झाला होता. शिक्षा झाली तर सहा महिने सक्तमजुरी, आणि गिरणीतून नाव कट. मग ही सहा माणसं खाणार काय, हे कुणी बोलत नव्हतं.

"तू मारलास का दगड?" मी त्याला सरळ विचारलं.

"नाय रे दादा. माझा शर्ट वाळत होता, तो काढायला भायेर आलो. खाली बघतो तर धूर. परत आत." मग म्हणाला, "आता वाटतं, मारायला पायजे होता. काय फरक पडला असता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी फजिती झाली. मजल्याच्या टोकाला नळ, आणि नळासमोर पाच-सहा बालद्या ओळीनं मांडलेल्या. माणूस एकही नाही. मला वाटलं, कुणीतरी ठेवून दिल्यात. मी एक बालदी बाजूला सारून आपला तांब्या नळाखाली धरला, तशी कुठूनतरी एक बाई ओरडत आली.

"ओ पाव्हनं! शेवंताबायला का ढकलताय?"

मी मागं वळून पाहिलं. शेवंताबाई कुठंच नव्हत्या.

"ही बालदी म्हंजे शेवंताबाय. ती तिकडं भाकऱ्या करतेय, पण लायनीत उभी हाय. दिसत नाय का?"

सगळा मजला हसला. दत्ताही हसला, त्या चार दिवसांत एकदाच. मीही हसलो आणि मनात म्हटलं, परत गेल्यावर वर्गात सांगायला हे उदाहरण झकास आहे.

चौक खाली उतरल्यावर लगेच. भिंतींवर डांबरानं लिहिलेलं 'झालाच पाहिजे' ऊन-पावसानं राखाडी झालं होतं. चाळीच्या भिंतीला छातीच्या उंचीवर एक भोक होतं. येणारे-जाणारे त्यात नकळत बोट घालून पुढं जात. त्या गोळीनं तळमजल्यावरचा एक माणूस गेला होता. वर्ष उलटलं तरी त्याच्या दाराला हार होता.

साक्ष देणारा पोलीस त्या दिवशी समोरच्या कोपऱ्यावर, चहाच्या हॉटेलाच्या भिंतीला पाठ लावून उभा होता. दगड येत होते म्हणून हॉटेलाच्या पत्र्याखाली थांबलो, असं त्यानंच कोर्टात सांगितलं होतं. तिथून त्यानं दुसऱ्या मजल्यावरचा दत्ता ओळखला, त्याचा उगारलेला हात पाहिला, असं त्याचं म्हणणं. पण पत्रा खाली झुकलेला होता. त्याच्याखाली उभ्या माणसाला फार तर पहिला मजला दिसावा. अडचण एवढीच की त्या धामधुमीत पत्राच कुणीतरी उचकटून नेला होता. आता तिथून बघितलं तर दुसरा मजला स्वच्छ दिसत होता. खांबांचे खड्डे आणि भिंतीतली खिळ्यांची भोकं तेवढी राहिली होती. म्हणून त्या खुणांवरून मॉडेल.

चिंचपोकळी

मॉडेल करणारे गंगाराम जाधव एका ओतशाळेत पॅटर्नमेकर होते. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग ओतायचा तर आधी तो लाकडात घडवावा लागतो. ते लाकूड वाळूत दाबायचं, उठलेल्या पोकळीत रस ओतायचा. हे लाकूड घडवण्यात जाधव मिस्त्रींची वीस वर्षं गेली होती. चिंचपोकळीच्या त्यांच्या खोलीत भिंतीवर तीन चौकोन इतर रंगापेक्षा उजळ दिसत होते. देवांच्या तसबिरी काढल्याच्या त्या खुणा. दोनच महिन्यांपूर्वी त्यांनी सहकुटुंब बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती.

"या प्रोफेसर," म्हणाले. "कुणी सांगितलं म्हणून खरं, असं आता मानायचं नाही ठरवलंय. तेव्हा तुम्ही तपासून घ्या."

कोर्टानं मॉडेल सुनावणीपर्यंत त्यांच्याच ताब्यात दिलं होतं. त्यांनी वरचं फडकं काढलं आणि मी बघतच राहिलो. चाळ, तिच्या गॅलऱ्या, कठडे, रस्ता, हॉटेल, आणि खांबांवर झुकलेला पत्रा. सगळं सागवानी आणि पॉलिश न केलेलं. एक फूट म्हणजे पाव इंच, या हिशेबानं. भिंतीला पाठ लावून बोटाच्या पेराएवढा पोलीस. त्याच्या डोळ्याच्या जागी खिळा होता, खिळ्याला काळा दोरा. मिस्त्रींनी दोऱ्याचं दुसरं टोक दत्ताच्या गॅलरीकडे ओढलं. दोरा वाटेत पत्र्याला अडला. पुनःपुन्हा ओढला, पुनःपुन्हा अडला. पत्र्याच्या कडेखालून काढलेला दोरा जेमतेम पहिल्या मजल्याच्या कठड्याला लागला.

"मग खोट कसली?" मी विचारलं.

मिस्त्रींची मान खाली गेली. त्यांनी फळीवरून एक पितळी पट्टी काढली आणि तिच्याशेजारी माझ्या शाळकरी भाच्याकडे असते तसली साधी फूटपट्टी ठेवली. दोन्हींवर बारा इंच. पण पितळी पट्टी इंचाच्या आठव्या भागानं लांब होती.

"ही बिडाची पट्टी. बीड निवताना आटतं, फुटाला इंचाचा आठवा भाग. म्हणून लाकूड तेवढं मोठं करायचं. दर वेळी हिशेब नको, म्हणून पट्टीच मोठी. ही पट्टी खोटी आहे म्हणून माल खरा येतो." त्यांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "वीस वर्षं हातात हीच. चौक टेपानं बरोबर मोजला. मॉडेल करायला बसलो आणि सवयीनं हीच उचलली. लाकूड ते लाकूड. हे ओतायचं नाहीये, हे डोक्यातच आलं नाही."

चौक भिंतीपासून भिंतीपर्यंत शहाण्णव फूट. मॉडेलात तो चोवीस इंच यायला हवा होता. सरकारी वकिलानं साधी पट्टी लावली तर सव्वाचोवीस. म्हणजे सत्त्याण्णव फूट. एक फूट खोटं.

"पण सगळंच त्या प्रमाणात वाढलंय ना? पत्रा, पोलीस, चाळ, सगळं?"

"सगळं. एकच पट्टी वापरली."

"मग दोऱ्याला काय फरक पडतो? काहीच नाही! सगळं दुप्पट केलं तरी दोरा तिथंच अडेल."

"तेच मी कोर्टात सांगितलं," मिस्त्री म्हणाले. "सरकारी वकील म्हणाले, सुतारानं भूमिती शिकवू नये."

मी उत्तेजित झालो होतो. प्रत्येक माप चुकीचं आणि तरी मापांमधलं नातं अचूक, माझ्या विषयाचं याहून देखणं उदाहरण पुस्तकात नव्हतं. मी अर्धा तास बोललो. मॉडेल ही वस्तूची नक्कल नसून नात्यांची नक्कल असते, कोणतंही मॉडेल संपूर्ण खरं असूच शकत नाही, संपूर्ण खरं मॉडेल म्हणजे ती वस्तूच, वगैरे. मिस्त्रींच्या पत्नीनं आणून दिलेला चहा गार झाला.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे कुणी नुसतं विचारत नाही, हे लाकूड बरोबर आहे का. विचारतात, कशात ओतणार? बिडात म्हटलं तर बरोबर, पितळेत म्हटलं तर चूक, पितळ जास्त आटतं. काम कळल्याशिवाय खरं-खोटं कसं सांगणार?"

मी मान डोलावली आणि पुढं बोलत राहिलो. त्या दिवशी जर मी गप्प बसून ते एक वाक्य घोटलं असतं, तर हे लिहायची वेळ आली नसती.

गिरगाव

वकील विजयकर जुन्या मुंबईकर घराण्यातले. आजोबांच्या जमिनी होत्या, आता राहिलं होतं ते शिसवी फर्निचर आणि लाघवी बोलणं. त्यांच्या घरी चहाबरोबर कोबीचं भानोलं मिळालं, आमच्याकडच्या कोथिंबीरवडीचा हा जरा खानदानी भाऊ. दत्ताचं काम ते चळवळीसाठी म्हणून चालवत होते.

"प्रोफेसरसाहेब, एकच विनंती," ते म्हणाले. "कोर्ट म्हणजे वर्ग नव्हे. विचारतील तेवढ्याचंच उत्तर. होय किंवा नाही. त्या फुटानं नजरेच्या रेषेत फरक पडतो का? नाही. मॉडेल खरं आहे का? होय. संपलं."

"पण काटेकोरपणे बोलायचं तर—"

"काटेकोरपणे बोलायचंच नाही," विजयकर हसून म्हणाले. हसताना त्यांचे डोळे मात्र माझ्यावरून हलले नाहीत.

गिरगावातून परतताना मला राग आला होता. पंचवीस वर्षं विद्यार्थ्यांना 'होय' आणि 'नाही'च्या मधली जागा दाखवली, आणि हा माणूस मला पोपटासारखं बोलायला सांगतो.

कोर्टात

कोर्टात सगळं इंग्रजीत चालतं. मावशी मागच्या बाकावर पदर डोक्यावरून घेऊन बसली होती. काही कळत नव्हतं तरी प्रत्येक बोलणाऱ्याकडे ती नमस्कार केल्यासारखी बघत होती. दत्ता पिंजऱ्यात. मॉडेल टेबलावर.

विजयकरांनी मला विचारलं, सगळी मापं सारख्या प्रमाणात वाढली तर नजरेची रेषा बदलते का? मी म्हणालो, नाही. इथपर्यंत ठीक झालं. मॅजिस्ट्रेटांनी मानही डोलावली. मिस्त्रींनी दोरा ओढून दाखवला. दोरा अडला. साहेब खुर्चीतून वाकून बघत होते. मला वाटतं, त्या क्षणी दत्ता सुटलेला होता.

मग सरकारी वकील उठले. सौम्य, म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी माझ्या विषयाची चौकशी केली, अगदी आदरानं.

"तुम्ही मॉडेल आणि सत्य यांबद्दल शिकवता म्हणे. मग तुमच्याकडूनच शिकतो. हे मॉडेल खरं आहे का?"

मला विजयकरांची आठवण झाली. शपथ घेतल्याचीही आठवण झाली. आणि, हे कबूल करायलाच हवं, समोर पाचपन्नास माणसं गप्प बसून ऐकत होती याचीही मला जाणीव होती.

"काटेकोर अर्थानं," मी म्हणालो, "कोणतंच मॉडेल खरं नसतं. ते काही बाबतींत वस्तूशी जुळतं—"

"कोणतंच मॉडेल खरं नसतं," त्यांनी हळूच म्हटलं आणि साहेबांचं लिहून होईपर्यंत थांबले. "दोरा पत्र्याला अडतो?"

"या मॉडेलमध्ये अडतो."

"या मॉडेलमध्ये. आणि रस्त्यावर?"

'अडत होता' एवढे दोन शब्द पुरले असते. मी म्हणालो, "रस्त्याबद्दल आपण अनुमान करू शकतो. ते अनुमान फार भक्कम आहे, पण अनुमान आणि—"

"आभारी आहे," ते म्हणाले आणि खाली बसले.

विजयकरांनी डोळे मिटून घेतले. मिस्त्री हातातला दोरा गुंडाळू लागले. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरलो तेव्हा आपलं काय चुकलं हे मला नीटसं कळलंही नव्हतं. उलट बोललो ते शब्दन् शब्द बरोबर होतं, याचं समाधानच होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण माझ्याच जातीच्या माणसासाठी केलेली असणार.

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. बचावाच्याच विद्वान साक्षीदाराच्या मते कोणतंही मॉडेल खरं नसतं, आणि प्रस्तुत मॉडेलची मापं तर उघडच चुकीची आहेत, तेव्हा प्रत्यक्ष पाहणाऱ्या पोलिसाच्या साक्षीवर अविश्वास ठेवण्याचं कारण दिसत नाही. सहा महिने सक्तमजुरी.

दत्तानं कठडा धरला होता, तो सोडला. शिपाई न्यायला आला तेव्हा माझ्यासमोरून जाताना म्हणाला, "दादा, आयेला तू घरी ने. ती रस्ता क्रॉस करायला घाबरते."

"अपील करू," विजयकर बाहेर म्हणाले. "पण तुमची साक्ष आता कागदावर आहे. ती आपल्या मागोमाग वरच्या कोर्टात येणार." मला ते याहून जास्त काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दादर

परतीची गाडी दादरहून होती. जाधव मिस्त्री ओतशाळेतून अर्धा दिवस काढून मला पोचवायला आले. मी त्यांना म्हणालो, माझ्यामुळं झालं हे.

"माझी पट्टी चुकली," ते म्हणाले. "तुम्ही तर खरं बोललात."

यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी फलाटाच्या बाकावर बसून तो प्रश्न पुन्हा मनात म्हणून पाहिला. हे मॉडेल खरं आहे का? मिस्त्रींनी मला दोन दिवस आधीच सांगितलं होतं की कामाशिवाय हा प्रश्नच अपुरा आहे. इथं काम काय होतं? पत्र्याखालच्या डोळ्याला गॅलरीतला हात दिसतो का, एवढंच. त्या कामापुरतं ते लाकूड खरं होतं, पुरतं खरं, सोळा आणे खरं. मी उत्तर दिलं ते वर्गातल्या प्रश्नाचं. शेवंताबाईची बालदी ही शेवंताबाई आहे का, असं नळावर कुणी विचारत नाही. तिचा नंबर तिला मिळतो. ते उदाहरण मी वर्गासाठी बांधून घेतलं होतं, आणि कोर्टात उभा असताना मला आठवलंसुद्धा नाही.

निघायच्या आधी मावशीनं मला दोन घास जबरदस्तीनं खायला लावले होते. घरात शिजवलेलं तसंच पडलं होतं, कुणी जेवलं नव्हतं. माझ्या पिशवीत तिनं सुके बांगडे बांधून दिले, वर्तमानपत्राच्या तीन घड्यांत, गाडीत वास येऊ नये म्हणून. मग माझा हात धरून तिनं विचारलं,

"त्येंका तू सांगलंस मा रे? मिस्त्रीन केला तां खरा आसा म्हणान?"

कोर्टातलं एक अक्षरही तिला कळलं नव्हतं. मी तिच्याकडे पाहिलं. काटेकोर अर्थ, अनुमान, काही बाबतींत, यांतलं काहीच माझ्या तोंडात आलं नाही.

"हो मावशी," मी म्हणालो. "खरं आहे म्हणून सांगितलं."

"मगे झाला," ती म्हणाली. "तू आपला काम केलंस."